आधी शिष्य, मग सेवक

शास्त्रवाचन : १ राजे ३:५-१४, दानीएल १:३-१७, लूक १४:२८-३०, प्रेषितांची कृत्ये १३:१-३, फिलिप्पै २:५-८



विद्यापीठांच्या परीक्षांचे निकाल लागले की आपल्या मंडळ्यांत दरवर्षी एक आनंदाचा रविवार येतो. पदवीधर झालेली मुले-मुली वेदीपुढे उभी राहतात, पाळकसाहेब त्यांच्या मस्तकावर हात ठेवतात आणि आईवडिलांचे डोळे भरून येतात. त्यांतला एखादा तरुण किंवा एखादी तरुणी असेही सांगते, की नोकरी धरण्यापूर्वी एक-दोन वर्षे परदेशात स्वयंसेवा करण्याची आपली इच्छा आहे. कोणाला दूरच्या खेड्यातील शाळेत शिकवायचे असते, कोणाला निर्वासितांच्या छावणीत शुश्रूषा करायची असते. मंडळीला धन्यता वाटते. शाल, श्रीफळ, प्रार्थना आणि स्टेशनावर किंवा विमानतळावर निरोप, एवढे सगळे आपण प्रेमाने करतो. पासपोर्ट, व्हिसा, प्रतिबंधक लसी यांची चौकशी घरोघर होते. पण ज्याला आपण पाठवतो त्याच्या अंतःकरणाची तयारी झाली आहे काय, हे विचारण्याचे बहुधा राहून जाते.

बुरूज बांधू पाहणाऱ्या माणसाचा दाखला प्रभूने सांगितला, तो आपल्या परिचयाचा आहे. काम पुरे करण्याइतके आपल्याजवळ आहे की नाही, याचा हिशेब तो मनुष्य आधी बसून करतो. मूळ ग्रीक भाषेत या ठिकाणी जे क्रियापद आले आहे, त्याची व्युत्पत्ती ‘खडा’ या अर्थाच्या शब्दापासून आहे. त्या काळी लोक लहान लहान खडे मांडून हिशेब करीत. भाषांतर करताना या शब्दाशी मी नेहमी थोडा थांबतो. प्रभू आपल्याला उत्साह आवरायला सांगत नाही. बसायला आणि एकेक खडा मांडायला सांगतो. परदेशी सेवेस निघालेल्या विद्यार्थ्याने असे कोणते खडे मांडावेत, आणि त्याच्याबरोबर त्याच्या मंडळीने कोणते मांडावेत, याचा विचार या लेखात करावयाचा आहे. त्यासाठी मी तुम्हांला तंजावूरच्या राजवाड्यात घेऊन जाणार आहे.

तंजावूरचे नाव मराठी मनाला परके नाही. शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजी राजे यांनी तेथे भोसल्यांची गादी स्थापन केली आणि १८५५ पर्यंत ते राज्य चालले. आजही राजवाड्याच्या आवारात सरस्वती महाल ग्रंथालयात हजारो हस्तलिखिते जपलेली आहेत, त्यांत मराठी बाडेही आहेत. बृहदीश्वराच्या मंदिरात भोसले कुळाचा इतिहास सांगणारा १८०३ सालचा प्रदीर्घ मराठी शिलालेख आहे. तमिळ देशाच्या ऐन मध्यात आपली भाषा अशी दगडावर भेटली की मराठी माणसाचा ऊर भरून येतो.

त्याच मंदिराच्या शेजारी, शिवगंगा तलावाजवळ, १७७९ साली बांधलेले एक ख्रिस्तमंदिर आहे. आत जॉन फ्लॅक्समन या इंग्रज शिल्पकाराने घडवलेले एक संगमरवरी शिल्प आहे. मृत्युशय्येवर एक वृद्ध धर्मगुरू पडलेला आहे, भोवती सहकारी आणि शाळेतील मुले आहेत, आणि तंजावूरचा एक मराठी राजपुत्र त्याचा हात हाती घेऊन उभा आहे. हे राजपुत्र म्हणजे दुसरे सरफोजी राजे, आणि शय्येवरील वृद्ध म्हणजे रेव्हरंड ख्रिस्तियन फ्रेडरिक श्वार्ट्झ. हे स्मारक खुद्द सरफोजी राजांनी करवून घेतले. एवढेच नव्हे, तर आपल्या या गुरूच्या समाधीशिलेसाठी त्यांनी स्वतः इंग्रजीत पद्य रचले.

एका परदेशी माणसाचा हात एका राजाने असा का धरावा? कोणतेही पद किंवा सत्ता त्या माणसाजवळ नव्हती. याचे उत्तर शोधू लागलो, तर तंजावूर सोडून थेट जर्मनीतील एका विद्यापीठापर्यंत जावे लागते. श्वार्ट्झ यांची तयारी तेथे, त्यांच्या विद्यार्थिदशेत, झाली होती.

पहिला खडा : ऐकणारे अंतःकरण

श्वार्ट्झ यांचा जन्म १७२६ साली प्रशियातील झोनेनबुर्ग या गावी झाला. आई ते लहान असतानाच वारली. मरताना तिने आपला मुलगा देवाच्या सेवेस वाहिला होता. १७४६ साली ते हाले येथील विद्यापीठात दाखल झाले. त्याच सुमारास बेंजामिन शुल्ट्झ हे मद्रासमध्ये अनेक वर्षे सेवा करून हालेस परत आले होते. तमिळ बायबल तेथे पुन्हा छापावे, अशी योजना निघाली. मुद्रिते तपासण्यासाठी तमिळ जाणणारे कोणी हवे होते, म्हणून शुल्ट्झ यांनी तरुण श्वार्ट्झ यांना तमिळ शिकवावयास घेतले. पुढे ती छपाई झालीच नाही. एका विद्यार्थ्याचे इतके दिवसांचे परिश्रम वाया गेले, असेच तेव्हा कोणाला वाटले असते. परंतु हिंदुस्थानात पाठवण्यासाठी माणसांचा शोध सुरू झाला, तेव्हा तमिळ शिकलेला हा विद्यार्थी तयार होता.

माझ्या तरुण वाचकांनो, या गोष्टीकडे नीट पाहा. श्वार्ट्झ यांना हिंदुस्थानचे पाचारण आले आणि मग ते तमिळ शिकू लागले, असे घडले नाही. हाती आलेले शांत, कंटाळवाणे, कोणाच्या नजरेत न भरणारे काम त्यांनी मनापासून केले आणि त्या कामातूनच पाचारणाला वाट सापडली. आपल्याला कोठे जायचे आहे हे आज तुम्हांला ठाऊक नसेल. त्यामुळे तयारी थांबत नाही.

१७४९ साली कोपनहेगन येथे त्यांना दीक्षा मिळाली. वाटेत लंडनला मुक्काम झाला तेव्हा त्यांनी इंग्रजीचा अभ्यास केला. १७५० साली ते तरंगमबाडी येथे पोहोचले आणि चार महिन्यांच्या आत त्यांनी तमिळमधून पहिला उपदेश केला. तेवढ्यावर ते थांबले नाहीत. १७६९ साली तुळजाजी राजांशी त्यांची पहिली भेट झाली. संभाषण दुभाष्यामार्फत फारसीतून सुरू झाले. आपले बोलणे राजांपर्यंत जसेच्या तसे पोहोचत नाही, हे ध्यानात येताच त्यांनी तमिळमध्ये थेट बोलण्याची परवानगी मागितली. पुढे तंजावूरच्या दरबाराची घरची भाषा मराठी आहे हे ओळखून ते मराठीही शिकले. आपल्या भाषेच्या इतिहासात याची नोंद राहावी. श्रीरामपूर येथे विल्यम कॅरी यांच्या देखरेखीखाली मराठी नवा करार १८११ साली छापला गेला. त्याच्याही कितीतरी आधी कावेरीकाठी एक जर्मन मनुष्य, राजाच्या मनाशी बोलता यावे म्हणून, मराठीचे धडे गिरवीत होता.

शलमोनाने गिबोन येथे देवाजवळ काय मागितले ते आठवा. अनेक भाषांतरांत त्या मागणीचा अर्थ ‘समंजस मन’ असा दिलेला असतो, आणि तो चुकीचा नाही. परंतु मूळ इब्री शब्द अक्षरशः पाहिले तर ते ‘ऐकणारे अंतःकरण’ असे आहेत. आयुष्यभर भाषांतराचे काम करणाऱ्या माणसाला हा शब्दप्रयोग फार जवळचा वाटतो. परकी भाषा जिभेने बोलण्यापूर्वी कानाने स्वीकारावी लागते. एखाद्या खेड्यातील म्हातारीने वापरलेला साधा शब्द ऐकल्यावर विद्वानांची सभा ज्या ओवीपाशी अडली होती ती सुटते, असा अनुभव प्रत्येक भाषांतरकाराच्या गाठी असतो. ज्याला अशिक्षित माणसाच्या पायाशी बसून शिकता येत नाही, तो परक्या देशात जाऊन शिकवील खरा, पण त्याचे कोणी ऐकणार नाही.

दानीएल आणि त्याचे मित्र बाबेलात बंदिवान म्हणून गेले होते. खास्दी लोकांची विद्या व भाषा त्यांना तीन वर्षे शिकावी लागली. ते शिक्षण त्यांनी शत्रूचे म्हणून टाकले नाही. राजाचे अन्न मात्र निश्चयाने नाकारले. काय शिकावे आणि कशाने स्वतःला विटाळू देऊ नये, हा विवेक त्यांच्यात होता. पदवीबरोबर हा विवेक मिळतो काय, हे आपल्या मुलामुलींनी स्वतःला विचारावे.

दुसरा खडा : ज्याचा शब्द चालतो असा मनुष्य

भाषा आली म्हणजे विश्वास मिळतो असे नाही. तंजावूरच्या इतिहासात याची एक साक्ष आहे आणि ती मला फार मोलाची वाटते.

१७८० साली हैदर अली आणि ईस्ट इंडिया कंपनी यांच्यात युद्ध पेटले. तंजावूरचा मुलूख उद्ध्वस्त झाला, किल्ल्यात माणसे उपासमारीने मरू लागली. खेड्यांत धान्य होते, परंतु शेतकरी ते किल्ल्यात आणावयास तयार नव्हते. पूर्वी आणलेल्या धान्याचे पैसे त्यांना मिळाले नव्हते, बैल नेले ते परत आले नव्हते. राजांच्या शब्दाची पत गेली होती आणि कंपनीच्याही. तेव्हा तुळजाजी राजांनी श्वार्ट्झ यांना मध्ये घातले. श्वार्ट्झ यांनी लोकांना निरोप पाठवला, की पैसे मी स्वतः देईन. एक-दोन दिवसांत हजार बैल मिळाले. त्यांचे सहकारी जीव धोक्यात घालून खेड्यापाड्यांत गेले आणि ८०,००० कलम धान्य किल्ल्यात आले. कलम हे तमिळ मुलखातील धान्याचे माप आहे. प्रत्येकाचा हिशेब चुकता झाला, वर थोडी भेटही देण्यात आली आणि माणसे आपापल्या घरी गेली.

बंधुभगिनींनो, राजाच्या शिक्क्यापेक्षा एका गरीब धर्मगुरूचा शब्द शेतकऱ्यांना अधिक खरा वाटला. हा विश्वास एका दिवसात कमावलेला नव्हता. तीस वर्षे लोक त्यांना पाहत आले होते. तिरुचिरापल्लीत ते एका जुन्या इमारतीतील लहानशा खोलीत राहत, भात-भाजी जेवत, हे सर्वांना ठाऊक होते. १७७९ साली मद्रास सरकारने त्यांना हैदर अलीकडे श्रीरंगपट्टणला शांतीचा निरोप घेऊन पाठवले. परतताना हैदरने प्रवासखर्चासाठी तीनशे रुपयांची थैली दिली. ती त्यांनी मद्रास सरकारच्या स्वाधीन करू पाहिली, आणि सरकारने घेण्याचे नाकारले तेव्हा तंजावूरच्या गरीब मुलांच्या शाळेसाठी ती रक्कम लावली. शेतकऱ्यांनी बैल सोडले ते अशा हातांवर विश्वास ठेवून.

आपल्या विद्यार्थ्यांनी ही तयारी कोठे करावी? मला वाटते, ती परदेशात होत नाही. वसतिगृहाच्या मेसचा हिशेब ज्याच्याकडे असतो, युवकसंघाची वर्गणी जी गोळा करते, मित्राकडून उसने घेतलेले पुस्तक जो वेळेवर परत करतो, त्यांची शाळा तेथेच भरलेली असते. आपल्या देशात १९६९ साली सुरू झालेली राष्ट्रीय सेवा योजना महाविद्यालयांतून चालते. सात दिवसांच्या शिबिरात खेड्यात राहून काम करण्याची संधी तीत मिळते. बाबा आमटे यांनी १९६७ साली सोमनाथ येथे श्रम-संस्कार छावणी भरवली, तेव्हापासून हजारो तरुणांनी तेथे घाम गाळला आहे. प्रमाणपत्रापुरते अशा शिबिराला जाणे आणि शिबिर संपल्यावरही त्या गावाला दिलेला शब्द पाळणे, या दोहोंतील अंतर फार मोठे आहे. ऊसतोडीसाठी गाव सोडून आलेल्या कुटुंबांची मुले ज्याला आपल्या तालुक्यात दिसली नाहीत, त्याला दूर देशातील मुले दिसतील असे कसे मानावे?

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. परदेशी गेलेला स्वयंसेवक तेथील गरिबांची छायाचित्रे काढतो, त्यांना आश्वासने देतो, आणि वर्ष संपले की निघून जातो. ती मुले मागे वाट पाहत राहतात. जे देता येणार नाही त्याचे वचन न देणे, हीसुद्धा प्रीती आहे. ज्यांची सेवा करायची त्यांची लाज व प्रतिष्ठा आपल्या हाती ठेव म्हणून आहे, हे शिकवल्याशिवाय कोणालाही पाठवू नये.

तिसरा खडा : रिकामे होणे

तिसरा खडा सर्वांत जड आहे. पौलाने फिलिप्पैकरांना लिहिताना ख्रिस्ताविषयी सांगितले आहे, की देवाच्या बरोबरीचे असूनही त्याने स्वतःला रिक्त केले आणि दासाचे रूप धारण केले. सेवेस निघालेल्या माणसाला दोन गोष्टींपासून रिकामे व्हावे लागते. एक म्हणजे सत्तेचा आधार आणि दुसरी म्हणजे फळ पाहण्याचा हट्ट.

सत्तेविषयी आपण प्रामाणिकपणे बोलू. श्वार्ट्झ ज्या काळात जगले तो कंपनीच्या विस्ताराचा काळ होता. ते कंपनीच्या पलटणीचे धर्मगुरू होते, तिचे दुभाषी होते, तिचा निरोप घेऊन गेलेले दूत होते. श्रीरंगपट्टणला शांतीचा निरोप पोहोचला आणि पुढच्याच वर्षी युद्ध पेटले. १७८७ साली मृत्युशय्येवरील तुळजाजी राजांनी दत्तक घेतलेल्या दहा वर्षांच्या सरफोजींना त्यांच्या ओटीत घातले. पालकत्वाचा भार राजबंधू अमरसिंग यांनी वाहावा, असे श्वार्ट्झ यांनी सुचवले. अमरसिंगच गादीवर बसले आणि त्या मुलाचे हाल झाले. श्वार्ट्झ यांनी सरकारदरबारी पुन्हा पुन्हा दाद मागितली. अखेर १७९३ साली राजपुत्राला मद्रासेस हलवण्यात आले. १७९८ साली सरफोजी राजांना गादी मिळाली, पण पुढच्याच वर्षी राज्यकारभार कंपनीच्या हाती गेला. इतका निर्लोभ मनुष्यसुद्धा सत्तेच्या छायेत उभा होता, आणि त्या छायेत नेमके काय चालले आहे हे त्याच्या हाती नव्हते.

आजच्या स्वयंसेवकालाही हा प्रश्न चुकत नाही. त्याला कोण पाठवते? पैसा कोठून येतो? ज्या गावात तो जाणार त्या गावाने त्याला बोलावले आहे काय? तेथील एखाद्या पदवीधराची नोकरी तर तो अडवून बसत नाही? पदवी हातात, पाठीशी संस्था आणि खिशात परतीचे तिकीट असलेला मनुष्य, तिकीट नसलेल्या माणसांमध्ये राहावयास जातो. ही विषमता नाहीशी करता येत नाही, पण तिचे भान ठेवता येते. १९१० साली एडिंबरो येथील जागतिक मिशन परिषदेत तमिळ देशाचे सुपुत्र वेदनायगम अझरिया यांनी पाश्चात्य मिशनऱ्यांना उद्देशून जे सांगितले, त्याचा आशय असा होता : तुम्ही आमच्यासाठी पुष्कळ सोसले, आपली शरीरेही दिलीत, आता आम्हांला मित्र द्या. तेव्हा आपण स्वीकारणारे होतो आणि अमेरिकेच्या पीस कोअरचे तरुण १९६१ ते १९७६ या काळात आपल्या देशात येत होते तेव्हाही आपण स्वीकारणारेच होतो. आता आपली मुले जाऊ लागली आहेत. अझरिया यांची मागणी आपल्या पाठीमागून येत आहे. तिला आपण काय उत्तर देणार?

दुसरी गोष्ट फळाची. सरफोजी राजे ख्रिस्ती झाले नाहीत. या वाक्याशी आपल्यापैकी काही जण अडखळतील, म्हणून ते मी जाणूनबुजून लिहितो. श्वार्ट्झ त्यांना मुलगा मानीत, राजे त्यांना पित्याच्या ठिकाणी मानीत. राजांनी आपला धर्म सोडला नाही. बृहदीश्वराचा जीर्णोद्धार केला, काशीची यात्रा केली. आणि त्याच राजांनी मुलांसाठी शाळा काढल्या, नवे ज्ञान मिळावे म्हणून ग्रंथ जमवले, देवनागरी छापखाना चालवला, इसापाच्या गोष्टी मराठीत आणवल्या. धन्वंतरी महालात रोग्यांवर उपचार केले. नेत्ररोग्यांच्या चित्रांसह केलेल्या नोंदी आजही टिकून आहेत. गरीब ख्रिस्ती मुलांच्या पालनपोषणाचीही त्यांनी सोय केली. त्याच शिष्यपरिवारातून वेदनायगम शास्त्री हे थोर तमिळ ख्रिस्ती कवी निघाले आणि सरफोजी राजांच्या दरबारात मानाने राहिले.

आता सांगा, श्वार्ट्झ यांची सेवा सफल झाली की निष्फळ? ४८ वर्षे, एकदाही मायदेशी न परतता त्यांनी पेरले. उगवले ते त्यांच्या हिशेबाने उगवले नाही, देवाच्या हिशेबाने उगवले. आपण अहवाल लिहितो तेव्हा आकडे मागतो. किती शिबिरे घेतलीत, किती जण आले, किती बदलले? स्वयंसेवकाच्या मनावर या आकड्यांचे ओझे इतके असते, की समोरच्या माणसावर प्रीती करण्याऐवजी तो त्या माणसाची मोजदाद करू लागतो. प्रभूने दहा कुष्ठरोगी बरे केले. परत एकच आला. उरलेल्या नऊ जणांचे आरोग्य त्याने परत घेतले नाही.

मंडळीने मांडावयाचा खडा

येथवर विद्यार्थ्यांविषयी बोललो. आता मंडळीकडे वळू या.

अंत्युखियाच्या मंडळीने बर्णबा व शौल यांना पाठवले, ते त्या दोघांनी तेथे वर्षभर शिक्षण दिल्यानंतर. मंडळीने उपास केला, प्रार्थना केली, हात ठेवले. पुढे ते परत आले तेव्हा मंडळी जमवून सगळे ऐकून घेतले. आपण पहिला भाग करतो, दुसरा विसरतो. परत आलेला तरुण एका रविवारी साक्ष देतो आणि नंतर त्याच्याशी त्या विषयावर कोणी बोलत नाही. त्याने जे दुःख पाहिले, जे त्याला कोणाजवळ सांगता आले नाही, ते त्याच्या आत साचून राहते.

आणि जो मध्येच परत येतो त्याचे काय? योहान मार्क पंफुल्यातून परतला होता. त्यावरून पौल आणि बर्णबा यांच्यात तीव्र मतभेद झाला. बर्णबाने त्याला पदराखाली घेतले. आणि पुढे तोच पौल तीमथ्याला लिहितो, की मार्काला घेऊन ये, तो सेवेसाठी मला उपयोगी आहे. आपल्या मंडळ्यांत पौल पुष्कळ आहेत, बर्णबा थोडे. सहा महिन्यांत आजारी होऊन किंवा मनाने खचून परतलेल्या मुलीकडे पाहून कुजबुजणारी मंडळी, दुसऱ्या कोणाला पाठवावयास अजून लायक झालेली नाही.

एक उदाहरण आपल्या कोल्हापूरचे आहे. रॉबर्ट वाइल्डर यांचा जन्म १८६३ साली तेथील एका मिशनरी कुटुंबात झाला. प्रिन्स्टन येथे शिकत असताना ते आणि त्यांची बहीण ग्रेस, परदेशी सेवेसाठी विद्यार्थी पुढे यावेत म्हणून प्रार्थना करीत. १८८६ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतील माउंट हर्मन येथे विद्यार्थ्यांची परिषद भरली, तेव्हा शंभर विद्यार्थी सेवेस सिद्ध झाले आणि त्यातून विद्यार्थी स्वयंसेवक चळवळ उभी राहिली. त्या शंभरांच्या मागे एका घरातील दोन भावंडांची चिकाटीची प्रार्थना होती. आपल्या घरांतून असे घडू शकत नाही काय?

म्हणून पाळकसाहेबांना, युवकसंघाच्या चालकांना आणि पालकांना माझी नम्र विनंती आहे. ज्याला जायचे आहे त्याला पदवीच्या शेवटच्या वर्षातच हाताशी धरा. जेथे जायचे तेथील भाषेचा अभ्यास त्याला आजच सुरू करू द्या. निदान आपल्या गावात राहणाऱ्या परप्रांतीय कुटुंबाची भाषा तरी त्याला शिकू द्या. पीस कोअरसारखी मोठी संस्थाही आपल्या स्वयंसेवकांना दोन वर्षांच्या कामाआधी सुमारे तीन महिने त्याच देशात ठेवून भाषा व रीतिरिवाज शिकवते, मग आपण प्रार्थनेवर सगळा भार टाकून मोकळे का व्हावे? त्याच्या हाती एखादे लहान सार्वजनिक काम द्या आणि पैचापैचा हिशेब मागा. मंडळीतील एखाद्या अनुभवी परिचारिकेजवळ, शिक्षकाजवळ, शेतकऱ्याजवळ त्याला काही महिने बसवा. दर महिन्याला पत्र लिहील आणि उत्तराची वाट पाहील असे एक कुटुंब त्याच्यासाठी नेमा. आणि जाण्यापूर्वी त्याला स्पष्ट सांगा : तू यशस्वी होऊन आलास तरी आमचा आहेस, अर्ध्यावरून परतलास तरी आमचाच आहेस.

आणि तरुणांनो, तुम्हांला एकच सांगतो. परदेशातील लोक तुमची वाट पाहत बसलेले नाहीत. तुम्ही जाण्यापूर्वीही देव तेथे आहे. त्याची माणसे तेथे राबत आहेत. तुम्ही त्यांचे तारणारे नाही. तारणारा एकच आहे आणि त्यानेही नासरेथच्या सुतारशाळेत तीस वर्षे काढल्यावर सेवेला आरंभ केला. तुम्ही तेथे पहिल्या दिवशी विद्यार्थी म्हणून उतरा. कोणाचे तरी बोट धरून बाजारात जा, चुकीचा शब्द उच्चारून हसे झाले तर त्यांच्याबरोबर तुम्हीही हसा. असे एक वर्ष गेले तर कोणी तरी तुम्हांला आपल्या घरचे मानील. तेथून सेवा सुरू होते.

१३ फेब्रुवारी १७९८ रोजी श्वार्ट्झ प्रभूमध्ये निद्रिस्त झाले. त्यांच्या अंत्यविधीस सरफोजी राजे स्वतः उपस्थित होते आणि त्यांचे अश्रू लोकांनी पाहिले. हालेच्या वर्गात शुल्ट्झ यांच्यापुढे बसून तमिळची अक्षरे वळवणाऱ्या त्या विद्यार्थ्याला यांतले काहीच दिसत नव्हते. त्याला दिसत होता तो समोरचा धडा, आणि तो त्याने नीट केला. तुमच्यासमोर आज कोणता धडा आहे?

प्रार्थना करू या :

हे प्रभो, तू स्वतःला रिक्त करून आमच्यामध्ये वस्तीस आलास आणि आमची भाषा बोललास. आमच्या मुलामुलींना ऐकणारे अंतःकरण दे. त्यांचा शब्द खरा ठेव, त्यांचे हात स्वच्छ ठेव. फळाच्या हव्यासापासून आणि सत्तेच्या मोहापासून त्यांना राख. आम्हां पाठवणाऱ्यांना निरोप देण्याइतकेच स्वागत करण्याचेही सामर्थ्य दे. जे थकून परतले आहेत त्यांना आमच्या मंडळीत विसावा मिळू दे. येशू ख्रिस्ताच्या नावाने मागतो. आमेन.